ओव्हरकोटातला संत

शुक्रवारी दुपारचे पावणेचार वाजले की वर्बिना गावात घरी म्हणून कुणी सापडायचं नाही. दुकानदार शटर अर्धं ओढून निघायचे, शाळेतली पोरं दप्तरासकट निघायची, आणि गुडघेदुखीने दोन वर्षं अंथरूण न सोडलेल्या बायका बर्फात काठ्या रोवत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहायच्या. फेब्रुवारीची थंडी, नाकातलं पाणी मिशीवर गोठायचं, तरी चौकात पाय ठेवायला जागा नसायची. प्रत्येकाच्या हातात एक रिकामी बाटली. कुणाची गुलाबाच्या अत्तराची, कुणाची खोकल्याच्या औषधाची. एका बहाद्दराने तर लोणच्याची बरणी आणली होती.

बरोबर चार वाजता चौथऱ्यावरचा संत रडायला लागायचा.

आधी उजवा डोळा, मग डावा. बुबुळाच्या जागी असलेल्या भोकातून एक तांबूस थेंब बाहेर यायचा, गालावरून ओघळायचा, दाढीत अडखळायचा आणि टोकावरून खाली धरलेल्या पितळी परातीत पडायचा. टप्. चौकातली सगळी डोकी एकदम खाली जायची. कुणी हुंदके द्यायचं, कुणी छातीवर क्रूस काढायचं, आणि पुढच्या रांगेतल्या बाया संताच्या बुटांवर ओठ टेकायच्या. दहा आठवड्यांत बुटांची टोकं घासून आरशासारखी झाली होती.

"रडतोय! आपल्यासाठी रडतोय!" बंधू इलारियन बिअरच्या क्रेटवर उभा राहून कर्ण्यातून ओरडायचा. अंगात काळा झगा, पायात पांढरे खेळाडूंचे बूट, गळ्यात वीतभर लांब क्रूस. "मंडळी, पाण्याला स्मृती असते! हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, जपानमध्ये! या अश्रूंना तुमचं दुःख आठवतं. डोळ्यात घाला, डोळे उघडतील. गुडघ्याला लावा, गुडघा उघडेल."

"आणि पोटात घेतलं तर?" एकाने विचारलं.

"पोटही उघडेल, पण श्रद्धा हवी!"

हा इलारियन डिसेंबरात बसमधून उतरला होता. त्याच्याआधी तो कुठल्या मठात होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडच्या तालुक्यात कंबरदुखीसाठी चुंबकाचे पट्टे विकणारा एक गृहस्थ हुबेहूब असाच दिसायचा म्हणतात, पण तो दाढी करायचा.

गर्दीच्या सगळ्यात मागे, ज्या खांबावर गावातल्या मेलेल्यांची नावं छापलेले कागद डकवतात त्याला टेकून, स्तामेन गवंडी उभा होता. वय चौऱ्याहत्तर. तो दर शुक्रवारी येऊन तिथेच उभा राहायचा, कारण त्याची बायको वेलिका पुढच्या रांगेत असायची आणि घरी जाताना तिला हाताला धरून न्यायला लागायचं. संत रडायचा, गाव रडायचं. स्तामेनला काहीच वाटायचं नाही. राग नाही, हसू नाही, काही नाही. थंडीत तासभर विटा रचल्यावर बोटं असून नसल्यासारखी होतात ना, तसा तो आतून झाला होता, आणि आजचा नव्हे, पन्नासेक वर्षांचा.

त्याचं कारण तो चौथराच.

चौथरा मुळात राजासाठी बांधलेला. स्तामेनच्या बापाने बांधला. आतून पोकळ, मागच्या बाजूला एक लहानसं लोखंडी दार, म्हणजे आत शिरून बोल्ट आवळता यावेत. युद्ध संपलं, राजा गेला, त्याचा पुतळाही बैलगाडीवर घालून नेला. मग एक्कावन्न साली मॉस्कोच्या मिशीवाल्याचा पुतळा आला. बिडाचा, पोकळ, घोट्यापर्यंत ओव्हरकोट, दोन ओळी बटणं, पायात लष्करी बूट. तो चढवताना बाप सहज बोलून गेला, "राजाच्या पायावर हा किती दिवस टिकतोय बघू." कुणी तरी ते वर पोचवलं. बापाला दोन वर्षं दगडाच्या खाणीत घातलं. परत आला तेव्हा खोकत होता, आणि मरेपर्यंत पुतळ्याकडे पाहून एक शब्द बोलला नाही.

एकवीस वर्षांच्या स्तामेनने तेवढ्यावरून धडा घेतला. सिमेंट कालवायचं, तोंड चालवायचं नाही.

पुढे मिशीवाला बदनाम झाला. सबंध नवा पुतळा कोण आणणार? एका रविवारी, सगळं गाव फुटबॉलच्या सामन्याला गेलेलं असताना, नगरपालिकेने स्तामेनला बोलावलं. मान कापली, मुंडकं उतरवलं, राजधानीतल्या एका टकल्या पुढाऱ्याचं मुंडकं बसवलं. ओव्हरकोट तोच. सोमवारी सगळे कामाला जाताना चौकातून गेले. एकानेही विचारलं नाही. तीस वर्षं लोकांनी टकल्याला फुलं वाहिली. मग एकोणनव्वद उजाडलं, त्याचंही मुंडकं खाली आलं. त्यानंतर सहा-सात वर्षं नुसता ओव्हरकोट उभा. पोरं मानेच्या जागी भोपळा ठेवायची आणि त्याला ‘लोकशाही’ म्हणायची.

मग नवे नगराध्यक्ष आले. त्यांना आठवलं की तुर्कांच्या काळात गावासाठी फासावर गेलेला एक पाद्री होता, गेरासिमबाबा. घंटा ओतणाऱ्याकडून दाढीवालं मुंडकं करून आणलं. "स्तामेनकाका, बटणांचं काही तरी करा," नगराध्यक्ष म्हणाले. काकांनी बटणांवर सिमेंटचा क्रूस थापला, कोटाच्या कडांना लिंपून झगा केला. "आणि बूट?" "बंडखोर होता हो तो! घालत असेल बूट. उद्घाटन परवा आहे!" बूट तसेच राहिले. पायाकडे बघतंय कोण.

चार माणसांचा मान, तीन मुंडक्यांचं ओझं, एक चौथरा, एक गवंडी. आता कुणी वर चढलं काय आणि खाली आलं काय, स्तामेनला फक्त कामाला किती घमेली सिमेंट लागेल एवढंच दिसायचं. बाकी सगळं येतं आणि जातं. आपण वाट बघायची.

या पावसाळ्यानंतर मात्र एक भानगड झाली. चौकाखालून शाळेकडे आणि दवाखान्याकडे गरम पाण्याचे नळ जातात. बॉयलरघर शाळेला लागूनच, चौकातून दिसणारं. त्यातला एक सांधा कुजून चौथऱ्याखाली पाझरायला लागला. उबदार ओल पोकळ चौथऱ्यातून पोकळ पुतळ्यात चढायची, थंड बिडाला लागून तिचं पाणी व्हायचं आणि ओव्हरकोटाखाली ठेवलेल्या भोकातून ठिबकायचं. असं भोक प्रत्येक पोकळ पुतळ्याला ठेवतात, नाही तर आतून गंज चढतो. पण ते होतं नेमकं दोन पायांच्या मधे. पोरं हसायला लागली. नगराध्यक्ष लालबुंद झाले.

"काका, संत खालून गळतोय! निकोलाच्या सणाला बिशप येणारेत! बुजवा ते!"

"भोक लागतं त्याला," स्तामेन म्हणाला.

"बुजवा म्हटलं ना!"

त्याने बुजवलं. कुणी सांगितलं की तो करायचाच. आठवड्याने कडाक्याची थंडी पडली, आणि खाली वाट न सापडलेली ओल वर गेली. वर फक्त दोन भोकं होती. घंटावाल्याने बुबुळं आरपार पाडली होती. पापण्यांवर स्वच्छ, नितळ पाणी जमलं आणि गालावरून ओघळलं. दूध आणायला निघालेल्या एका बाईने किंकाळी फोडली.

स्तामेन गर्दीत शिरून बघून आला. कळायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. वेलिका घरी आली ती रडत, हसत. "अरे म्हाताऱ्या, बाबा रडतोय रे! माझ्याकडे बघून रडला!" आंधळ्या उजव्या डोळ्यातूनही तिच्या पाणी वाहत होतं. तिचा उजवा डोळा काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी गेला होता. डावा उरला होता, तो थेंबांच्या औषधावर, सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाही, असं जिल्ह्याच्या डॉक्टरिणीने बजावलेलं. किती तरी वर्षांत ती अशी हसली नव्हती.

स्तामेनने भात घालून केलेला कोबी गिळला आणि गप्प बसला. हाही उतरेल, आजवर सगळे उतरले.

पण नाताळाआधी थंडी कमी झाली आणि बाबाचे डोळे कोरडे पडले. तोवर इलारियन येऊन बसला होता. "बाबा उपास करतोय," त्याने जाहीर केलं. चार दिवसांनी बाबा पुन्हा रडला, पण आता बरोबर चार वाजता, शुक्रवारी, आणि तांबूस. "रक्त!" गाव म्हणालं. गंज, स्तामेनच्या मनाने म्हटलं. बॉयलरचं पाणी. तरीही तो बोलला नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वेलिका त्याला चहा ओतून देत होती. चहा कपात न पडता टेबलावर पडला. ती ओततच राहिली, शांतपणे, किटली रिकामी होईपर्यंत.

"वेलिका."

"काय रे?"

"कप इकडे आहे."

तिने हात फिरवून कप शोधला. "अंधार आहे आज," ती म्हणाली. खिडकीतून बर्फावरचं ऊन डोळे दिपवत होतं.

त्याने अक्रोडांची टोपली उपसली, कारण ती नको असलेली प्रत्येक वस्तू त्यातच दडवायची. तळाशी औषधाच्या तीन बाटल्या निघाल्या, सीलबंद.

"कधीपासून घातलं नाहीस?"

"बंधू म्हणाले, दोन पाणी एका डोळ्यात नको. बाबाला राग येतो." मग लहान मुलीसारखी म्हणाली, "आधी जळजळतं. म्हणजे काम करतंय ना?"

त्याने सगळ्यात आधी एक बाटली फोडून तिच्या डोळ्यात थेंब घातला. तिने मान झटकली, तरी घातला. मग टोपी चढवून तो सरळ शाळेत गेला. वाटेत आपल्याला राग येईल, भीती वाटेल, असं त्याला वाटत होतं. आलं काहीच नाही. फक्त पाय भराभर पडत होते.

रसायन शिकवणाऱ्या झिव्काबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्या चाळीशीच्या, ठेंगण्या, खोकल्याच्या गोळ्या चघळत बोलणाऱ्या. दोन महिने त्या गावाला ओरडून सांगत होत्या की हे पाणी तपासा, आणि गाव त्यांना ‘कम्युनिस्टाची पोर’ म्हणत होतं.

"काका, बॉयलरच्या पाण्यात काय असतं ठाऊक आहे? सोडा असतो. गंज लागू नये म्हणून आणखी औषधं असतात. तिथे पाटी आहे भिंतीवर, हात लावू नका म्हणून. आणि हे लोक डोळ्यात घालतायत!" त्यांनी खडू टेबलावर आपटला. "चला मिंचोकडे."

बॉयलरवाला मिंचो आधी काहीच कबूल करेना. मग बाईंनी त्याला पाटी मोठ्याने वाचायला लावली, चौथीतल्या पोराला लावावी तशी. पाटी संपता संपता त्याचा चेहरा पडला.

"बाई, आई शप्पथ, माझा वाईट हेतू नव्हता! बाबा थकला होता. बंधू म्हणाले, संताला थोडी मदत करायची, एवढंच. मी एक बारीक तांब्याची नळी नेली मुख्य नळापासून, चौथऱ्यातून वर, मुंडक्यापर्यंत. चार वाजता चावी अर्धी फिरवतो. प्रेशर आहेच आपलं." तो थांबला. "माझी आई पण घालते हो ते पाणी. तिला काय होईल?"

"आजपासून घालायचं नाही. डॉक्टरला दाखव. आणि आता मी सांगते तसं कर," बाई म्हणाल्या.

नळ गळतात तेव्हा सांधा शोधायला प्लंबर पाण्यात एक हिरवा रंग सोडतात. झिव्काबाईंनी तो जिल्ह्याहून मागवला.

शुक्रवारी चार वाजता गेरासिमबाबा रडला, तो पोपटी.

चौकात श्वास अडकले. बर्फासारख्या थंड गालावरून दोन हिरव्या धारा, उन्हात चमचमणाऱ्या. इलारियनचं तोंड उघडं पडलं. पण एक क्षणभरच. माणूस आपल्या धंद्यात पक्का.

"हिरवा!" तो कर्ण्यातून गरजला. "वसंताचा रंग! मंडळी, बाबाने दुःख संपवलं! द्राक्षवेली या साली दुप्पट फळणार! बाटल्या पुढे करा!"

आणि बाटल्या पुढे आल्या की! एक म्हातारी तर म्हणाली, "मला कालच स्वप्नात हिरवं दिसलं होतं."

झिव्काबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तो रंग मी टाकलाय! बॉयलरमध्ये! बघा, आता मी बाबाला गप्प करते." त्यांनी लाल रुमाल हलवला. बॉयलरघराच्या दारात उभ्या मिंचोने तो पाहिला आणि आत गेला. धारा थांबल्या. "आता रडायला सांगते." रुमाल. धारा सुरू. "थांब रे बाबा." थांबल्या. "रड." सुरू. चौथ्या वेळी पोरं खिदळायला लागली आणि मोठी माणसं एकमेकांकडे बघेनात.

"बाई संताची चेष्टा करतात!" इलारियन ओरडला. "बाबाने बाईंचंही ऐकलं, किती तो दयाळू!"

तेवढ्यात स्तामेन पुढे निघाला होता. हातात हातोडी आणि छिन्नी. लोक आपोआप बाजूला झाले, कारण स्तामेन हत्यारं घेऊन त्या चौथऱ्याकडे चालला की काही तरी बदलतं हे गावाच्या अंगात मुरलेलं होतं. मागच्या लोखंडी दारासमोर इलारियनने मेणबत्त्यांचं कपाट उभं केलं होतं. स्तामेनने ते सरकवलं, दार उचकटलं, आत हात घालून ओढलं. बारीक तांब्याची नळी बाहेर आली आणि वाफाळतं हिरवं पाणी बर्फावर उडालं. बर्फात भोकं पडली.

 इलारियन क्रेटवरून उतरला.

"पण मग," पुढच्या रांगेतून एक आवाज आला, "पहिल्या आठवड्यात काय होतं?"

वेलिका होती. तोंड चौथऱ्याकडे, पण थोडं बाजूला, जिथे कुणी नव्हतं तिथे वळलेलं.

"तेव्हा ही नळी कुठे होती? हे बंधूही आले नव्हते. पाणी स्वच्छ होतं. मी स्वतः बोटाने पुसलं. ते कुणी रडवलं?"

"बरोबर!" "सांगा की बाई!" चारी बाजूंनी गलका झाला. इलारियन पुन्हा क्रेटवर एक पाय ठेवून उभा. झिव्काबाईंनी स्तामेनकडे पाहिलं. याचं उत्तर फक्त त्याच्याकडे होतं.

"मी," स्तामेन म्हणाला.

"काय मी?"

"मी रडवलं. खाली भोक होतं, ते बुजवलं. नळाचा सांधा गळतो, ओल वर चढते. खाली वाट नाही, म्हणून डोळ्यांतून निघाली." तो वाकला, ओव्हरकोटाखाली छिन्नी लावली आणि दोन घाव घातले. सिमेंटचा गोळा निखळला. पुतळ्याच्या पोटात साचलेलं दोन-अडीच महिन्यांचं पाणी दोन पायांमधून जे सुटलं ते पोरांच्या अंगावर. पोरं बोंबलत मागे पळाली. कुणी तरी हसलं. मग एकदम कुणीच हसेना.

स्तामेन थांबला नाही. शिडी कुणी दिली नाही, तो इलारियनच्या क्रेटवर चढला आणि छातीवरच्या क्रूसावर छिन्नी ठेवली. "अरे, क्रूस!" बाया किंचाळल्या. सिमेंटचा क्रूस खपली सुटावी तसा गळून पडला. खाली बटणं होती. दोन ओळी.

पन्नाशीच्या वरचे सगळे ती बटणं ओळखत होते. शाळेत असताना त्यांच्यापुढे रांगेत उभं राहून त्यांनी गाणी म्हटली होती.

"हा तोच आहे," कुणी तरी हळूच म्हणालं.

"हो, पहिल्यापासून तोच. मी फक्त मुंडकी बदलली. दोन वेळा. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत आणि कुणीच पाहिलं नाही," स्तामेन म्हणाला.

बुटांवर ओठ टेकलेल्या बायांपैकी एकीने तोंड बाहीने पुसलं. मग दुसरीने. आणि काय सांगावं, आपण फसलो याचा गावाला तेवढा राग आला नाही जेवढा कुणाच्या बुटांचे मुके घेतले याचा आला. ज्याला नळीने पटलं नव्हतं त्याला बटणांनी पटलं. लोक इलारियनकडे वळले. पण बंधूंनी झगा वर खोचला होता आणि पांढऱ्या बुटांचा उपयोग सुरू केला होता. साडेचारची बस त्यांना मिळाली.

गलक्यात वेलिका जागची हलली नव्हती. स्तामेन तिच्यापाशी गेला, तिचा हात धरला.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" तिने विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता. आजूबाजूच्यांचे कान तिकडेच होते.

"पहिल्या दिवसापासून."

 तिने हात सोडवून घेतला, आणि काठीने चाचपडत एकटी निघाली. तो दोन पावलं मागे राहून घरापर्यंत चालला.

जिल्ह्याच्या डॉक्टरिणीने डोळा तपासला, पुन्हा तपासला. मग खुर्ची ओढून दोघांसमोर बसली. गेलेली नजर येत नाही, ती म्हणाली. डाव्या डोळ्याला आता मधोमध एवढंसं दिसतं, पत्त्यांचं एक पान हातभर अंतरावर धरावं तेवढं. औषध नेमाने घातलं तर तेवढं राहील. बंद केलं तर तेही नाही. "दोन महिने आधी आला असतात तर..." असं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं.

नगरपालिकेत आता नवा वाद सुरू आहे. चौथऱ्यावर कोण? कुणी म्हणतं राजा परत आणा, कुणी म्हणतं युरोपचा झेंडा लावा. नगराध्यक्ष स्वतः घरी आले होते, काकांनी मुंडकं उतरवून द्यावं म्हणून. स्तामेनने नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. तेवढं म्हणून झाल्यावर त्याचा घसा दुखत होता. दुखत होता हे त्याला कळलं, याचंच त्याला नवल वाटलं.

वेलिका खिडकीशी मिरच्यांच्या माळा चाचपत होती.

"गेले का ते?"

"गेले."

"ये इकडे. औषधाची वेळ झाली."

ती खुर्चीत बसली, मान मागे टाकली. त्याने पापणी वर धरली आणि थेंब सोडला. तो गालावर गेला. दुसरा बरोबर पडला. तिने डोळा मिटून घेतला.

"त्या दिवशी मी घरी आले, नाचत," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "तू कोबी खात होतास. तेव्हा सांगायचं होतंस."

"तू ऐकलं नसतंस."

"नसतं ऐकलं. भांडले असते तुझ्याशी. ताट भिंतीवर फेकलं असतं. चार दिवस बोलले नसते." तिने डोळा उघडला आणि त्याच्या चेहऱ्याचा जेवढा तुकडा मावत होता तेवढा त्या पानाएवढ्या जागेत आणून धरला. "आणि पाचव्या दिवशी खाली वाकून बघितलं असतं, भोक आहे का नाही ते. मी काही मूर्ख नाही, स्तामेन. मला कुणी सांगितलंच नाही."

तो बाटलीचं झाकण लावत उभा राहिला. 

"ज्याला कळतं त्याने त्याच दिवशी बोलायचं," ती म्हणाली. "समोरचा ऐको, न ऐको. गावालाही हेच सांग जाऊन. पण मोठ्याने सांग, त्या एका शुक्रवारखेरीज तुझा आवाज कुणी ऐकलेला नाही."